मोटराइज्ड की मेकनाइज्ड? बाबांच्या होडीला यातला शब्द कुठला?

अर्जखिडकी, देवगड

नमस्कार. प्रश्न एका इंग्रजी शब्दाचा आहे, पण त्यावर आमच्या घरच्या होडीचा अर्ज अडलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी देवगडात लोकांचे अर्ज भरून देते. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पीक विमा, आणि बंदरावरच्या माणसांचे होडीचे कागद. गेल्या आठवड्यात बाबांचाच अर्ज भरायला बसले. होडी फायबरची, 24 फुटी, मागे 9.9 अश्वशक्तीचं आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून लटकवलेलं इंजिन. आमच्याकडे त्याला सगळे 'मशीन'च म्हणतात. 'मोटार' म्हटलं की डोळ्यांसमोर विहिरीवरचा पंप येतो. जाळं बाबा आणि काका हातानेच टाकतात, हातानेच ओढतात. जाळ्याजवळ आलं की पंख्यात जाळं अडकू नये म्हणून मशीन वर उचलतात आणि वल्ह्यांवर घेतात.

अर्जाच्या इंग्रजी पानावर तीन खण आहेत: मेकनाइज्ड, मोटराइज्ड, नॉन-मोटराइज्ड. त्याच अर्जाच्या मराठी पानावर मात्र दोनच: यांत्रिक आणि बिगर यांत्रिक. बाबा शेजारी बसले होते. म्हणाले, "मशीन हा म्हणजे यांत्रिकच मां? मगे हयसर दोन खण कित्याक?" मला उत्तर देता आलं नाही. शब्दकोश उघडला, तर दोन्ही शब्दांपुढे घुमवून फिरवून 'यंत्राने चालणारे' हाच अर्थ.

अंदाजाने खूण करायची माझी आता तयारी नाही. मागच्या वर्षी आमच्याच आळीतल्या एका काकांच्या अर्जावर मी 'मेकनाइज्ड'वर खूण केली होती. मशीन आहे म्हणजे मेकनाइज्ड, इतका सरळ विचार. अर्ज शेरा मारून परत आला. काकांचे दोन दिवस आणि दोन वेळचं बसभाडं गेलं, शिवाय त्या दोन दिवसांत बांगडा लागला होता तो वेगळाच. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. मला मात्र ते अजून टोचतं.

तर विचारायचं ते हे. मोटराइज्ड म्हणजे नेमकं काय? ते मेकनाइज्डपेक्षा वेगळं कुठे होतं? आणि बंदरावरच्या माणसाला एका वाक्यात सांगता येईल असं काही मराठीत आहे का?

---

शिवडी_ते_सावंतवाडी

ताई, दोन्ही एकच. ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीतला फरक असणार. कुठेही खूण करा, चालतं.

---

अर्जखिडकी, देवगड

दादा, ते चाललं नाही म्हणून तर विचारतेय. आणि एकाच अर्जात दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापलेत, तेव्हा छापणाऱ्याच्या मनात तरी काहीतरी फरक असणारच.

---

नाळेवरून, हर्णै

मुली, फरक आहे, आणि तो तू स्वतःच लिहून गेलीस: "जाळं हातानेच ओढतात." सगळी मेख तिथे आहे.

मी आधी हर्णैच्या बोटींवर खलाशी, मग बाहेर जहाजावर बावीस वर्षं. मासेमारीच्या मोजणीत वापरतात ते अर्थ सांगतो. कोचीची सागरी मत्स्य संशोधन संस्था किनाऱ्याची गणना करते. 2010 आणि 2016 च्या गणनेत होड्यांची विभागणी याच तीन शब्दांनी केलेली आहे. ज्या बोटीत इंजिन बोट चालवतं आणि मासेमारीचं कामही करतं, ती मेकनाइज्ड. ट्रॉलर घे. त्याचं इंजिन पोटात कायमचं बसवलेलं, आणि जाळ्याचे दोर ओढायला विंच, म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र. खलाशाने नुसत्या हाताने ते जाळं ओढायचं म्हटलं तर दिवस मावळेल. ज्या होडीत इंजिन फक्त जा-ये करण्यापुरतं, आणि जाळं टाकणं-ओढणं माणसाच्या दंडावर, ती मोटराइज्ड. इंजिनच नाही, वल्हं किंवा शीड, ती नॉन-मोटराइज्ड.

बंदरावर उभं राहून ओळखायचं तर ढोबळ खूण अशी: इंजिन पोटात आहे की पाठीवर? पोटात असेल तर बहुतेक वेळा मेकनाइज्ड धरतात. डोल जाळ्याच्या इंजिनवाल्या बोटीही त्यातच मोजतात. मागे लटकवलेलं, संध्याकाळी खांद्यावर घालून घरी नेता येतं असं असेल तर मोटराइज्ड. तुझ्या बाबांची होडी मोटराइज्ड. यात मला शंका नाही.

आता समुद्रावरचा तिसरा शब्द सांगतो. तो तुझ्या अर्जात नाही, पण त्याच्याशिवाय हे दोन नीट कळत नाहीत. जहाजांची टक्कर टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यातल्या तिसऱ्या नियमात 'पॉवर-ड्रिव्हन' नौकेची व्याख्या आहे: यंत्राच्या जोरावर पुढे ढकलली जाणारी कुठलीही नौका. आणि त्याखालीच शिडाच्या नौकेची व्याख्या: शिडावर चाललेली, इंजिन बसवलेलं असलं तरी ते वापरात नसेल तर. म्हणजे बघ, एकच होडी. इंजिन बंद, शीड फुगलेलं, तेव्हा ती शिडाची. दोरी खेचून इंजिन चालू केलं की त्या क्षणापासून ती पॉवर-ड्रिव्हन, मग वर शीड असो वा नसो. दिवसाउजेडी दोन्ही एकदम वापरत असशील तर पुढे टोक खाली केलेला शंकू लटकवायचा, समोरच्याला कळावं म्हणून. हे खेळ नव्हेत. समोरासमोर आल्यावर वाट कोणी द्यायची ते यावर ठरतं. साधारणपणे इंजिनवाल्याने शिडवाल्याला वाट द्यायची.

तेव्हा 'मोटराइज्ड' सांगतं होडीला काय बसवलंय. 'पॉवर-ड्रिव्हन' सांगतं आत्ता तिला कोण ढकलतंय. बाबा मशीन वर उचलून वल्ह्यांवर घेतात तेव्हाही होडी मोटराइज्डच असते, पण त्या घडीला पॉवर-ड्रिव्हन नसते.

कायद्यांत तर याच शब्दांची गंमत नाही, चांगली गुंतागुंत आहे. 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्यात शिडाच्या जहाजाच्या व्याख्येत म्हटलं होतं की नुसत्या शिडावर चालण्याइतकं शीड असलं की झालं, यंत्र बसवलेलं असो वा नसो. म्हणून लाकडी गलबतांना सरकारी कागदांत 'मेकनाइज्ड सेलिंग व्हेसल' म्हणतात. शीडही आणि यंत्रही, एकाच नावात. मी तरुणपणी ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा लिहिणाऱ्याची चूक वाटली होती. चूक नव्हती.

---

अर्जखिडकी, देवगड

काका, फार उपकार झाले. "बसवलंय काय" आणि "ढकलतंय कोण" हे वहीत लिहून घेतलं. पण एक विचारते. तुमच्या सांगण्यात मेकनाइज्ड म्हणजे कामही यंत्राने करणारी. हा अर्थ मासेमारीपुरता कोणी ठरवून घेतलेला आहे की इंग्रजीतच तसा आहे? कारण उद्या दुसऱ्या कुठल्या अर्जात, म्हणजे शेतीच्या वगैरे, हेच शब्द आले तर मी हाच नियम लावू का?

---

खेडचा जवान (निवृत्त)

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या नोकरीत आहे.

पायदळाचे दोन प्रकार ऐकले असतील. मोटराइज्ड इन्फन्ट्री आणि मेकनाइज्ड इन्फन्ट्री. मोटराइज्ड म्हणजे जवानांना ट्रकमधून नेतात. ठिकाणावर पोचले की उतरायचं आणि लढाई पायी. ट्रक मागेच राहतो. मेकनाइज्ड म्हणजे चिलखती गाडी. रणगाड्यासारखे पट्टे, वर तोफ. ती गाडी जवानाला नेते आणि त्याच्याबरोबर लढतेही. बीएमपी म्हणतात ती हीच. आपल्या सैन्यात मेकनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंट 1979 मध्ये उभी राहिली. तिचं केंद्र आपल्याच राज्यात, अहिल्यानगरला.

मी साध्या पायदळातला. ट्रकमधून उतरून चाललेला. त्यामुळे हा फरक मला पायांनी माहीत आहे.

आता तुमची होडी बघा. मशीन पोचवतं, काम हाताने: मोटराइज्ड. इंजिन पोचवतं आणि जाळंही ओढतं: मेकनाइज्ड. सैन्याने आणि मासेमारीवाल्यांनी एकमेकांना विचारून हे ठरवलं नसेल. म्हणजे शब्दातच ते आहे.

---

पाटीपेन्सिल, राजापूर

मी तीस वर्षं शाळेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही शिकवलं. वरचे दोघे अनुभवाने जिथे पोचलेत, तिथेच शब्दांची घडणही नेते. खेडच्या दादांचं "शब्दातच ते आहे" हे अगदी खरं.

मोटर हा शब्द लॅटिनमधून आलेला, 'हलवणे' या धातूपासून. मोटर म्हणजे हलवणारा. एवढंच तिचं काम. मेकनाइज्डच्या मुळाशी ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ युक्ती, साधन, रचना. त्यामुळे एखादं काम मेकनाइज केलं म्हणजे ते काम करण्याची रीतच यंत्राकडे सोपवली. शेतीच्या अर्जात म्हणूनच 'कृषी यांत्रिकीकरण' येतं. नांगरणी, लावणी, मळणी ही कामं यंत्राकडे जातात. तिथे मोटराइज्ड शब्द तुम्हाला सहसा दिसणार नाही, कारण शेत कुठे जात नाही.

दोन्ही शब्दांच्या शेवटी जे 'इज्ड' आहे त्याकडे लक्ष द्या. ते झालेलं सांगतं: आधी नव्हतं, मग केलं. मोटराइज्ड म्हणजे 'मोटर बसवलेली'. म्हणून इंग्रजीत मोटराइज्ड सायकल म्हणतात, मोटराइज्ड व्हीलचेअर म्हणतात, मोटराइज्ड पडदे म्हणतात. सायकल, खुर्ची, पडदा हे मोटरविना असतात हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून मोटर असल्याचं वेगळं सांगावं लागतं. पण मोटराइज्ड ट्रक असं सहसा कोणी म्हणत नाही, कारण ट्रक मोटरविना नसतोच. हाच नियम होडीला लावा. होडी मुळात वल्ह्याची, तिच्या पाठीला मोटर बसवली: मोटराइज्ड. ट्रॉलरचा सांगाडा बांधतानाच इंजिनाची जागा धरलेली असते. आपल्या देवगडच्या ताईंच्या अर्जात त्याला वेगळा शब्द आहे तो उगाच नाही.

मला खरी खंत मराठी पानाची वाटते. तीन शब्दांचे दोन झाले आणि जो मधला गळला तोच लहान होडीवाल्याचा. 'यांत्रिक' हा शब्द इथे फार ताणला गेलाय. त्याचा साधा अर्थ यंत्राविषयीचा. यांत्रिक बिघाड, यांत्रिक ज्ञान. दुसरा अर्थ मन न घालता केलेलं: यांत्रिकपणे पाढे म्हणणं. त्यात 'यंत्र बसवलेलं', 'यंत्राने चाललेलं' आणि 'यंत्राने काम होणारं' हे तिन्ही कोंबले की अर्ज भरणाऱ्याने करायचं काय?

मराठीत हे वेगळे दाखवायची सोय नाही असं मुळीच नाही. 'यंत्रचलित' म्हणजे यंत्राने चाललेला. हर्णैच्या काकांचा पॉवर-ड्रिव्हन तो हाच. (कृपा करून तिथे 'स्वयंचलित' लिहू नका. स्वयंचलित म्हणजे आपोआप चालणारं, आणि आउटबोर्डच्या दांड्यावर तर माणसाचा हात सतत असतो.) हातमाग आणि यंत्रमाग ही जोडी तर इचलकरंजीच्या कामगारापासून सगळ्यांना कळते. एकात माग हात चालवतो, दुसऱ्यात यंत्र. कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. आणि आपल्या किनाऱ्याने तर आगबोट हा शब्द घडवला. आत काय जळतंय ते बघितलं आणि नाव दिलं. इंग्रजी कायद्यानेही तेच केलं होतं. 1917 चा अंतर्गत जलमार्गांचा कायदा मूळचा 'स्टीम-व्हेसल्स'चा होता. वाफ मागे पडली, डिझेल आलं, तेव्हा कायद्याला 'मेकॅनिकली प्रोपेल्ड' असं शब्दांकन घ्यावं लागलं, कुठल्याही इंधनाला पुरेल असं. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातही 'मोटर व्हेइकल'ची व्याख्या करताना तेच शब्द येतात.

जाता जाता एक. 'यंत्र' हा आपला शब्द 'यम्' धातूपासून आलाय, त्याचा अर्थ आवरणे, ताब्यात ठेवणे. इंग्रजी मोटर हलवते, आपलं यंत्र आवरतं. रहाट हे यंत्रच होतं, त्याला शक्ती बैलाची किंवा माणसाच्या पायाची. म्हणून नुसतं 'यंत्र आहे' म्हटल्याने शक्ती कोणाची ते कळत नाही, ते वेगळं सांगावंच लागतं.

ताई, तुमच्या खिडकीसाठी माझी सूचना: मोटराइज्डला 'मशीन बसवलेली होडी', मेकनाइज्डला 'यंत्रावर मासेमारी करणारी बोट', नॉन-मोटराइज्डला 'वल्ह्या-शिडाची होडी'. सरकारी वाटणार नाहीत, पण ऐकणाऱ्याला पहिल्यांदाच कळतील.

---

बंदरावरची, मालवण

सर, 'मशीन बसवलेली होडी' फारच छान. आमच्याकडे रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांच्या, होडीला तर वल्हीच, तिथे 'वल्ह्या-शिडाची' चपखल बसतं.

पण एक धोक्याची गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. हा धागा वाचून कोणाला वाटेल की आपली होडी मेकनाइज्ड नाही, मग 1 जून ते 31 जुलैच्या पावसाळी मासेमारीबंदीतून आपण सुटलो. तसं नाही हो! केंद्राच्या आदेशात सूट आहे ती पारंपरिक 'नॉन-मोटराइज्ड' होड्यांना. पाठीला मशीन असलं की ती सूट गेली. आणि किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत राज्याचा आदेश चालतो, त्यात सूट 'बिगर यांत्रिक' नौकांना. तिथे यांत्रिक हा शब्द गणनेतल्या मेकनाइज्डइतका अरुंद धरत नाहीत, मशीन असलेली होडीही त्यात येते असंच धरून चालावं. गणनेत तीन कप्पे, बंदीत दोन. शब्द तेच, पण रेघ दुसरीकडे ओढलेली. मशीन काढून घरी ठेवलं म्हणजे झालं असं समजून कोणी पाण्यात उतरू नका, आधी कार्यालयात विचारा. माझ्या भावाने विचारलं नव्हतं. फार मनस्ताप झाला घरात.

---

नाळेवरून, हर्णै

मालवणच्या ताईंनी लाखमोलाचं सांगितलं. मी व्याख्या सांगत बसलो आणि हे सुटलं. व्याख्या कुठल्या कागदातली आहे ते आधी बघायचं, मग शब्द.

---

अर्जखिडकी, देवगड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर हा सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. खेडच्या दादांची ट्रकची गोष्ट त्यांना लगेच पटली. म्हणाले, "म्हणजे आमचा मशीन आमका मासळीपर्यंत पोचयता, मासळी काय काढून देयना." मला वाटतं सरांच्या तिन्ही शब्दांच्या शेजारी हे वाक्यही लिहून ठेवावं.

मालवणच्या ताई, तुमचं वाचून मी दचकले. आमच्या आळीत दोघांची तीच समजूत होती. होड्या शाकारायला अजून वेळ आहे, त्याआधी सगळ्यांना सांगेन. खिडकीवर कागद चिकटवलाय, त्यावर तीन प्रश्न: मशीन आहे का? पोटात की पाठीवर? जाळं हाताने की विंचने? उत्तरं ऐकूनच खूण करायची, माझ्या अंदाजाने नाही. त्याखाली लाल पेनाने लिहिलंय: ही खूण नोंदणीची, जून-जुलैच्या बंदीचं वेगळं विचारा. मागच्या वर्षीच्या काकांनाही बोलावलंय, त्यांचा अर्ज नव्याने भरून देते, पैसे न घेता.

बाबांच्या इंग्रजी पानावर 'मोटराइज्ड'वर खूण केली. मराठी पानावर दोनच खण, तिथे 'यांत्रिक'वर करावी लागली, पण शेजारच्या मोकळ्या जागेत लिहिलं: आउटबोर्ड, 9.9 अश्वशक्ती, जाळं हाताने. बाबांनी बघितलं आणि विचारलं, "वल्ही लिवलंस?" मग 'वल्ही दोन जोड' हेही लिहिलं. सोमवारी जमा करते. परत आला तर शेरा जसाच्या तसा इथे टाकेन.